दोन किल्ल्यांचे धनी

निरोप समारंभात सरांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि सांगितलं, "पटौदी रस्त्यावर मी दोन किल्ले घेतले आहेत. आता पुढचं आयुष्य तिथे." हिंदी सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तीन मराठी माणसं मात्र एकमेकांकडे बघत बसलो. हरियाणात एकराला किल्ला म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कळलं. तोवर मी घरी बायकोला सांगून मोकळा झालो होतो की सरांचं काही ठीक दिसत नाही. मग एका भल्या माणसाबद्दल असं बोललो म्हणून मन खायला लागलं. मन खाणं हा माझा जुनाच आजार आहे. भाजीवाल्याशी घासाघीस केली तरी मला ती संध्याकाळपर्यंत पुरते.

दिल्लीतलं आमचं कार्यालय शेतकऱ्यांसाठी छोट्या पुस्तिका काढायचं. मूळ मजकूर हिंदीत नाहीतर इंग्रजीत यायचा, आम्ही तो मराठीत आणायचो. सर मराठी विभागाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली अनुवादक. सगळ्यात जास्त खपलेली, म्हणजे सगळ्यात जास्त फुकट वाटलेली, पुस्तिका होती 'अल्पभूधारकांसाठी जोडधंदे'. कोंबड्या, मधमाश्या, बदकं, अळिंबी, गांडूळखत, असं एकेक प्रकरण. शेवटचं कृषी पर्यटनाचं. दर आवृत्तीची प्रुफं सर स्वतः वाचत. 'उत्पन्न मिळते' असं कुठे दिसलं की त्यांचं लाल पेन लगेच 'मिळू शकते' करून टाकी.

"अहो, 'शकते' घाला," ते मला म्हणत. "त्या एका शब्दावर आपली पेन्शन उभी आहे."

निवृत्तीला थोडे महिने उरले असतील. अळिंबीच्या प्रकरणाचं प्रूफ माझ्यापुढे ठेवून त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं. 'घरातील रिकाम्या खोलीत, कमी श्रमात, अळिंबीचे उत्पादन घेता येते.'

"ज्याच्याकडे दीड एकर आहे त्याच्या घरात रिकामी खोली कुठली?" सरांनी विचारलं.

मी म्हणालो, "सर, मुळात तसंच आहे."

"आणि कमी श्रमात? तुम्ही केलंय कधी?"

"नाही."

"मीही नाही. मग आपल्याला कसं कळलं?"

सरांनी प्रूफ तसंच मंजूर केलं, कारण छापखान्याची गाडी खाली उभी होती. पण त्या दिवसापासून त्यांचं ठरलं असावं. पुस्तिकेतलं प्रत्येक प्रकरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने, स्वतः करून बघायचं. क्रमाने हे महत्त्वाचं. मधमाश्यांचा हंगाम आला होता तेव्हा सर कोंबड्यांत अडकले होते, कारण कोंबड्यांचं प्रकरण आधी होतं. मी म्हटलं, सर, पुढचं आधी घ्या. तर म्हणाले, "वाचक क्रमानेच वाचतो."

सर मूळचे नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमधले. शेत त्यांनी आयुष्यभर गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं. शेतकरी घरातल्या होत्या त्या वहिनी. लातूरकडच्या, कोरडवाहू गावातल्या. शिकल्या, शिक्षिका झाल्या, सरांबरोबर दिल्लीला आल्या आणि शाळेतून निवृत्त झाल्या. सरांच्या किल्ल्यांवर त्यांनी पाय ठेवला नव्हता. रविवारी सरांबरोबर यायच्या, रस्त्याच्या कडेला गाडीतच बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायच्या. मी एकदा म्हटलं, वहिनी, जरा खाली उतरा, हवा छान आहे. त्या वर न बघता म्हणाल्या, "भाऊ, शेतातून निघायला मला बावीस वर्षं लागली. हे मला हवा दाखवायला परत नेताहेत."

माणसांशी आणि जनावरांशी सर एकाच भाषेत बोलत, ती म्हणजे पुस्तिकेची. कोंबड्यांना दाणे टाकताना, "भगिनींनो, सावकाश." एखादी आजारी पडली तर, "सदर कोंबडी इतरांपासून वेगळी ठेवावी," असं मोठ्याने म्हणून मग तिला उचलत. मधमाशी चावली तेव्हा गालाला हात लावून मला शांतपणे म्हणाले, "ही बाब मजकुरात नाही." मधमाश्यांचं तसं बरं चाललं होतं. आसपास सगळी मोहरी फुललेली, पेट्या भरत होत्या. मोहरी कापली गेली आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"अहो, 'फुलोरा संपताच पेट्यांचे स्थलांतर करावे' असं आपण लिहिलंय."

"हो सर."

"कुठे?"

"मुळात तेवढंच होतं, सर."

"मग मधमाश्यांना तसं सांगू का?"

त्या संध्याकाळी ते दोन पेट्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून आर. के. पुरमला, माझ्या क्वार्टरसमोरच्या बागेत आले. बागेत फुलं भरपूर, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खराही होता. पुढच्या सीटवर वहिनी तोंडाभोवती पदर घट्ट गुंडाळून बसल्या होत्या. त्यांनी काच दोन बोटं खाली करून मला एवढंच विचारलं, "तुम्ही दोघं मिळून लिहिलं होतं ना हे?" कॉलनीत जो गोंधळ झाला तो सांगत नाही. पेट्या परत गेल्या. मला मात्र तो प्रश्न बरेच दिवस पुरला.

बदकांच्या प्रकरणात ताई आल्या. ताई म्हणजे सरांच्या शेताला लागून ज्यांचं शेत, त्या विधवा बाई. उंच, हाडापेराने दणकट, तोंडाने त्याहून. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, म्हणून सरही म्हणू लागले. मराठी माणसाला त्यात काय वावगं वाटणार? हरियाणात ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे चांगली वयस्क बाई. एक दिवस त्यांनी सरांना बांधावर अडवलं. "बाबूजी, मन्ने ताई ना कह. तू तो मेरे तै भी बूढ़ा सै." सरांनी त्यांना मराठीतला अर्थ सांगितला, मोठी बहीण. ताई म्हणाल्या, "तो छोटी कह ले." पण सरांच्या तोंडी ताईच राहिलं.

पुस्तिकेत बदकांसाठी 'जवळपास पाणवठा असल्यास उत्तम' असं होतं. गावाचा जोहड, म्हणजे तळं, जवळच होता. सरांची बदकं सकाळी रांगेने तळ्यावर जायची आणि संध्याकाळी रांगेने ताईंच्या अंगणात परतायची, कारण तिथे शिळ्या भाकरीचे तुकडे मिळायचे. सर न्यायला गेले तर ताई म्हणाल्या, "इनके माथे पै नाम लिखा सै के?" शेवटी अर्धी अंडी सरांना, अर्धी ताईंना असं ठरलं. आपल्याच बदकांची अर्धी अंडी घेऊन सर आनंदाने माझ्याकडे आले. "सहकारी तत्त्व," म्हणाले. "हे आपल्या प्रस्तावनेत होतं. बघा, प्रस्तावनाही खोटी नाही."

अळिंबीचं तर त्यांना यश आलं होतं. रिकामी खोली नव्हतीच, म्हणून बांबू आणि गवताची झोपडी केली, गव्हाच्या भुसाच्या पिशव्या टांगल्या, आणि पांढऱ्या छत्र्या अशा फुटल्या की सर दिवसातून कितीदा आत जाऊन नुसते उभे राहायचे. विकायला मुनिरका ठरलं. तिथे विद्यार्थी राहतात, खोल्यांत स्वयंपाक करतात. मी स्वतः शिकत असताना तिथल्याच एका खोलीत राहिलो होतो, म्हणून मी सोबत गेलो. पाकिटांवर सरांनी सुबक देवनागरीत लिहून आणलं होतं, 'ताजी अळिंबी'. पोरं यायची, वाचायची आणि पुढे जायची. एका मुलीने विचारलं, "अंकल, ये अलिम्बी नॉनवेज है?" सरांनी तिला शब्दाची व्युत्पत्ती सांगायला सुरुवात केली, तोवर ती मोमोच्या गाडीपाशी पोचली होती. वहिनी गाडीतून उतरल्या, त्यांनी पर्समधून शाळेतला जुना स्केचपेन काढला आणि एकेका पाकिटावर 'मशरूम' लिहिलं. माल बघता बघता संपला. रिकाम्या टोपल्या शेतावर परत नेताना मानेसरच्या सिग्नलवर सर म्हणाले, "मग पुस्तिकाभर आपण कुणासाठी अळिंबी लिहीत होतो?" वहिनी म्हणाल्या, "तुमच्या दोघांसाठी."

एवढं सगळं होऊनही शेत स्वतःचा खर्च काढत नव्हतं. थोडं इकडून यायचं, तिकडे जायचं. गांडूळखताचं प्रकरण चाललं होतं त्या पावसाळ्याच्या शेवटी वहिनींनी अट घातली. हा एक हिवाळा. मार्च सरेपर्यंत शेतानं स्वतःचं स्वतः भागवलं तर ठेवायचं, नाहीतर विकायचं आणि नागपूरला मुलीच्या शेजारी फ्लॅट घ्यायचा. सर मला म्हणाले, "तुम्ही माझ्या बाजूने आहात ना? तिला समजवाल?" मी म्हणालो, हो सर. त्याच आठवड्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही त्यांना समजवा. तुमचं ऐकतात. आणि कुणी घेणारा असेल तर बघून ठेवा." मी म्हणालो, हो वहिनी. माझ्या ओळखीचा एक प्रॉपर्टी डीलर होता, त्याच्याकडे एक गिऱ्हाईकही होतं. फार्महाऊस बांधायचं, पोहायचा तलाव करायचा, असं कुणीतरी. मी डीलरला सांगितलं, मार्चपर्यंत थांबा. तेव्हापासून सरांच्या घरचा चहा मला कडू लागायचा. सर माझ्या पाठीवर हात ठेवायचे आणि मला त्या हाताचं ओझं व्हायचं.

शेवटचं प्रकरण उरलं होतं, कृषी पर्यटन. त्यासाठी सरांनी हुरडा पार्टी निवडली. सगळ्या दिल्लीत मराठी माणूस हिवाळ्यात हुरड्याच्या आठवणी काढतो आणि कुठेच हुरडा मिळत नाही, हा त्यांचा हिशेब. मेहुण्याकडून, म्हणजे वहिनींच्या भावाकडून, हुरड्याच्या ज्वारीचं बियाणं मागवलं आणि गावाकडे पेरतात तसं ऑक्टोबरात पेरलं. ताई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. "ज्वार तो डांगरां का चारा सै. जाड्डे में कौण बोवै?" थंडीत गुरांचा चारा कोण पेरतं, असं. सर मला म्हणाले, "रब्बी ज्वारी यांना माहीतच नाही." मलाही ते पटलं होतं. दोघंही रब्बी म्हणजे लातूरची रब्बी समजत होतो. इथली थंडी हाडात शिरते, हे स्वेटर घालून रोज बसने ऑफिसला जाणाऱ्या मला माहीत असायला हवं होतं.

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सरांनी निमंत्रण टाकलं. सात-आठ कुटुंबांनी लगेच होकार दिला. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला, मग फेब्रुवारी, मग मार्चचा पहिला रविवार. दर वेळी सर लिहायचे, 'दाणा भरत आहे.' मुलं विचारत, हुरडा मतलब? आणि आईबाप अर्धं मराठी, अर्धं हिंदी करून समजावत.

त्या रविवारी मी लवकर पोचलो. सर ज्वारीत उभे होते. ताटं पुरुषभर, कणसं आलेली, दिसायला झकास. त्यांनी एक कणीस मोडून माझ्या हातात दिलं. ते पिसासारखं हलकं होतं. तळहातावर चोळलं तर नुसता भुसा.

"थंडीत फुललं," सर म्हणाले. "दाणा धरलाच नाही."

"सर, तुम्ही तर लिहीत होता की..."

"भरू शकला असता," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला त्यांच्या त्या शब्दात पेन्शन दिसली नाही, माणूस दिसला.

फोन करून सगळ्यांना थांबवायला उशीर झाला होता. करोल बागेतून निघालेली मंडळाची मिनीबस मानेसर ओलांडून आली होती. रस्त्याच्या कडेला गाडीत वहिनी बसलेल्या, मांडीवर कोडं, शेजारी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. अट घातली होती तरी चटणी त्यांनीच केली होती. माझ्या खिशातला फोन मला जड लागत होता. आता डीलरला काय ते सांगायचं आणि सरांसमोर उभं राहायचं, एवढंच उरलं आहे असं वाटत होतं.

माणसं उतरली. टोप्या, स्वेटर, मुलं. सर पुढे झाले आणि हात मागे बांधून म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, सदर हुरडा यंदा उपलब्ध होऊ शकला नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे वापस?" एका बाईंनी नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "मी तरी म्हणाले होते, मॉलला जाऊ." सर तसेच उभे. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, कारण तेवढंच करता येण्यासारखं होतं.

तेवढ्यात धुराचा वास आला. शेजारच्या बांधावर ताई बसल्या होत्या. दिल्लीचे लोक चारा खायला येणार म्हणून तमाशा बघायला आलेल्या, आणि रिकामं कशाला बसा म्हणून सोबत घरच्या हरभऱ्याची हिरवी झाडं, घाट्यांसकट, घेतलेली. ताईंनी पालापाचोळा पेटवून ती त्यात टाकली होती. घाटे तडतडत होते.

गाडीचं दार वाजलं. वहिनी उतरल्या. रस्ता ओलांडून, नाली ओलांडून, सरळ सरांच्या शेतातून चालत त्या बांधावर गेल्या. कुणाला काही विचारलं नाही. वाकून राखेतून मूठभर घाटे उचलले, तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि तोंडात टाकले. मग डोळे मिटून म्हणाल्या, "हुळा." भाजलेल्या ओल्या हरभऱ्याला त्यांच्या गावाकडे तेच म्हणतात.

ताईंनी ओठ मुडपले. "होळे सैं, बहन. होळे."

"तेच तर. हुळा."

"होळे."

"अहो," वहिनी सरांकडे वळल्या, "यांना ळ येतो."

मंडळाची माणसं आधी नुसती बघत होती. मग उस्मानाबादकडचे एक गृहस्थ बसकण मारून बसले, दुसऱ्या कुणाला लहानपण आठवलं, आणि मुलांना जाळाशी खेळायला मिळतंय हे कळल्यावर आवरणं शक्य नव्हतं. ताईंचं भाकीत होतं की दिल्लीवाल्यांचे हात काळे होतील म्हणून कुणी शिवणार नाही. ते साफ चुकलं. मॉलला जाऊ म्हणणाऱ्या बाईंच्या नाकावरसुद्धा काजळी होती. जळण कमी पडलं तेव्हा सरांनी ज्वारीची खालची वाळकी पानं ओरबाडून आणली. कुणीतरी गव्हाच्या ओंब्या भाजू का विचारलं, ताई म्हणाल्या, भून ले, पर गिण के, म्हणजे मोजून. चटणीचा डबा फिरत राहिला. सर प्रत्येकाला हुळा आणि हुरडा यांतला फरक सांगत होते आणि कुणीही ऐकत नव्हतं.

वहिनी जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, ताईंच्या गुडघ्याला गुडघा लावून. त्यांची हिंदी शाळेतली, ताईंची गावातली. तरी काही अडलं नाही.

"अगले साल आप चना कितना लगाएँगी?"

"घर खात्तर एक पट्टी."

"आधा किल्ला लगाइए. आधा हम लगाएँगे. मार्च के चारों रविवार."

"और बाबूजी?"

"उनसे मत पूछिए. उनको बियाणं तक नहीं समझता."

सर तिथेच उभे होते. मान खाली घालून घाटा सोलत होते, आणि मला दिसत होतं की ते हसू दाबताहेत.

माणसं निघाली. निघताना दोघांनी पुढच्या रविवारचं विचारलं, नातेवाइकांना आणू का म्हणून. बस गेल्यावर वहिनी नळाशी हात धूत होत्या. काजळी निघत नव्हती. मी जवळ गेलो. कितीतरी महिने साठवलेलं बोलून टाकावं म्हणून म्हणालो, "वहिनी, मला एक सांगायचं आहे. मी सरांनाही शब्द दिला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही त्यांना हो म्हणालात, ते घरी येऊन त्यांनी मला सांगितलं. मला हो म्हणालात, ते मी त्यांना सांगितलं. संध्याकाळी हसलो दोघं." त्यांनी हात पदराला पुसले. "आता तेवढा त्या तुमच्या माणसाला फोन करा. म्हणावं, द्यायचं नाही. नीट सांगा, बिचारा थांबला असेल."

सर मागून म्हणाले, "माझ्या वतीनेही दिलगिरी व्यक्त करा."

मी मोहरीच्या बाजूला जाऊन फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, एवढ्या दिवसांत त्याचा वेळ घेतला, गिऱ्हाईक अडवून ठेवलं, समजून घ्या. डीलरने पूर्ण बोलूही दिलं नाही. "अरे सर, वो पार्टी तो जनवरी में ही सोहना में ले चुकी. मैंने सोचा आपको क्या डिस्टर्ब करूँ." आणि त्याने फोन ठेवला.

म्हणजे कुणीच थांबलं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि चक्क भूक लागली.

परत आलो तर दोघं बांधावर भांडत होती. सरांचं म्हणणं, हरभऱ्याच्या ओळी उत्तर-दक्षिण असाव्यात. वहिनींचं म्हणणं, त्यांनी ओळी आखायच्याच नाहीत. मला बघून वहिनी थांबल्या. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला? वाईट वाटलं?"

"थोडंसं," मी म्हणालो. "पण समजून घेतलं."

वहिनींनी समाधानाने मान हलवली. आपण एक जमीन विकायला नकार दिला, याचं तेज त्यांच्या काळवंडलेल्या चेहऱ्यावर होतं. सर तर ताठ उभे होते. ती गोष्ट त्यांना अजून माहीत नाही. मी सांगितलेली नाही, आणि का कोण जाणे, या एका बाबतीत माझं मन मला मुळीच खात नाही.